वाघजाईच्या वाटेवरचा गूळ

देवाची प्रचीती आली असं सांगणाऱ्या माणसांकडे मी आयुष्यभर तिरक्या नजरेने पाहत आलो. आता तसंच काहीसं मलाच लिहायचं आहे, म्हणून आधी कबूल करून टाकतो की मी फार संशयी माणूस आहे. स्वभाव मुळात तसा, त्यात नोकरीही साजेशी मिळाली. खराडीच्या एका आयटी कंपनीत मी बावीस वर्षं सॉफ्टवेअर तपासतो आहे. दुसऱ्याच्या कामात खोट असणारच असं धरून चालायचं आणि ती सापडेपर्यंत थांबायचं नाही, याचाच मला पगार मिळतो. ही सवय हळूहळू घरी आली. दूधवाला, रिक्षावाला, सोसायटीचा चेअरमन, कोणीही सुटला नाही. देवही नाही. आई गेल्यावर घरातली गुरुवारची दत्ताची आरती मी बंद केली नाही, पण म्हणताना मनात कोणीतरी हाताची घडी घालून उभं असे आणि विचारत असे, ऐकतंय का कोणी?

पन्नाशीला मधुमेह निघाला. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. कोथरूडच्या रस्त्यांवर सायकल चालवणं म्हणजे व्यायाम कमी आणि जिवावर उदार होणं जास्त, म्हणून मी कच्च्या रस्त्यावर चालणारी, रुंद टायरची सायकल घेतली आणि रविवारी ती गाडीला बांधून मुठा खोऱ्यात जाऊ लागलो. तिथे डांबर सोडलं की डोंगराच्या पोटातून मुरमाच्या वाटा निघतात. मैलोगणती एक वाहन दिसत नाही. चाकाखाली मुरूम करकरतो, खालच्या ओढ्याचा आवाज येतो, आणि वळण घेतलं की सगळं खोरं एकदम समोर उघडतं. मला ते फार आवडे. खरं कारण सांगायचं तर तिथे माणसं नसत. ज्याचा संशय घ्यावा असं कोणीच नसल्यामुळे आठवड्यातले ते तीन तास माझ्या डोक्याला सुट्टी असे.

त्या रविवारी थंडी सरत आली होती. नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायची गोळी मी वाटेतच गाडीत घेतली, कारण पायथ्याच्या गावात पोचल्यावर बायकोने दिलेला डबा खायचा आणि मग सायकल काढायची, असा माझा नेम होता. देवळापाशी गाडी लावली. पारावर तिघे जण गप्पा मारत बसले होते. त्यातल्या एकाने विचारलं, “किती वेळानं याल माघारी?” साधा प्रश्न, पण मला वाटलं, याला काय करायचंय? मी म्हणालो, “ठरलेलं नाही.” तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या की गाडी हितंच. कोन न्हेतंय?”

झालं. कोणी नेईल हा विचार माझ्या डोक्यात नव्हता, तो त्या भल्या माणसाने आणून दिला. मी गाडी पुन्हा सुरू केली, गावाबाहेर शाळेच्या भिंतीआड नेऊन लावली, कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि त्या गडबडीत सायकलवर टांग मारून निघालो. डबा मागच्या सीटवर राहिला. गोळी पोटात गेली होती, अन्न गेलं नव्हतं.

तासाभराने चढावर हात थरथरू लागले. घामाने सदरा अंगाला चिकटला. मला वाटलं, ऊन लागलं. मग राग यायला लागला, पण कोणाचा ते कळेना. टायरमधली हवा कोणीतरी मुद्दाम काढली आहे, पारावरचे ते तिघे मागून येत आहेत, असं पक्कं वाटू लागलं. दोनदा वळून पाहिलं. रक्तातली साखर फार खाली गेली की माणूस चिडतो, वाटेल तो संशय घेतो, हे डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं. पण माझा मूळचाच स्वभाव असा, की यातला आजार कुठला आणि मी कुठला हे मलाच ओळखता आलं नाही.

त्या वाटेच्या एका वळणावर वाघजाईचं ठाणं आहे. झाडाखाली शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे देवी मानलेला बिनघडीचा दगड, पुढे चार फरश्या, बाकी काही नाही. तिथे सायकल हातातून निसटून आडवी झाली आणि मी गुडघ्यांवर बसलो. वरच्या बांधावर एक साठीची बाई गवत कापत होती. विळा टाकून ती खाली आली.

“काय व्हतंय दादा? सावलीत बसा बरं आदी.”

तिने वाटेतली सायकल उचलायला हात घातला. मी चाक धरून ठेवलं आणि ओरडलो, “सोडा! हात लावू नका!” घरच्यांना फोन लावून द्या, मी बोलते, असं ती म्हणाली, तर मी फोन आतल्या खिशात कोंबला. तिने पाणी पुढे केलं, मी बाटली उडवून दिली. मग तिने फडक्यात बांधलेली भाकरी सोडली आणि त्यातला गुळाचा खडा माझ्यापुढे धरला. “गूळ खावा. बरं वाटंल.”

“मला शुगर आहे, आणि तुम्ही गोड देताय? काय मिसळलंय त्यात?” मी म्हणालो, आणि पाठोपाठ तोंडातून शिवी गेली. आयुष्यात कुठल्या बाईला मी शिवी दिली नव्हती. आज लिहितानाही लाज वाटते.

ती उठली, चपला काढल्या, तांदळ्यापाशी जाऊन वाकली आणि काहीतरी पुटपुटली. परत आली तेव्हा डोक्यावर पदर होता. “देवीचा परसाद हाय,” ती म्हणाली. “परसादाला न्हाय म्हनू नये.”

पुढचं मी केलं असं म्हणवत नाही. ते माझ्या हातांनी केलं. उजवा तळहात पुढे झाला आणि त्याखाली डावा गेला, लहानपणी आईने चापट मारून शिकवलं होतं तसा. डोकं ‘खाऊ नकोस, खाऊ नकोस’ म्हणून ओरडत होतं आणि हात तोंडाकडे निघाले होते. प्रसाद चिमूटभर असतो, हा तर लिंबाएवढा खडा होता. मी तो खाल्ला. तिने दुसरा दिला, तोही खाल्ला.

पंधरा-वीस मिनिटांनी घाम थांबला. झाड झाडासारखं दिसू लागलं आणि समोरची बाई बाईसारखी. मला रडू आलं. ती शेजारी नुसती बसून होती.

“मावशी, तुम्हाला कसं कळलं?”

“आमच्या मालकास्नी साखर हाय की. उतरली म्हंजी तेबी अशाच शिव्या देत्यात. म्हनून तर वळखलं!”

एवढं हसू आलं, तरी माझ्यातला तपासनीस जागा झालाच. इतका मोठा प्रसाद त्या आडवाटेला देवीपुढे ठेवला कोणी, असं मी विचारलं.

“कोन ठिवतंय? भाकरीसंगं आनल्याला गूळ त्यो. तुमी माझ्या हातचं घेईना. मंग तिच्या म्होरं ठिवला आन् म्हनलं, बाई, माझ्याच्यानं काय हुईना, आता तूच दे.”

मी हात जोडले. ती जरा अवघडली. मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, “येक इचारू? जागा बगाया आला हुता का?”

मला कळेना. तिनेच सांगितलं. “सायकलवाले येत्यात, फोटू काढत्यात, मंग म्हैन्याभरानं कागद घिऊन येत्यात. आमची वरची पट्टी तशीच ग्येली. बांधावरनं तुमास्नी बगितलं तवा वाटलं, ह्योबी त्यातलाच.”

नाही, मी म्हणालो. ते पुरतं खरं नव्हतं. ऑफिसातल्या कित्येकांनी असे प्लॉट घेतले होते, आणि हे खोरं पाहून तसा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. मी विचारलं, “असं वाटूनही तुम्ही खाली आलात?”

“आसलात तरी काय? मरू द्यायचं व्हय मानसाला?” ती म्हणाली आणि टाकलेला विळा शोधायला बांधावर चढली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले की आणखी थोडा वेळ गेला असता तर शुद्ध हरपली असती, आणि त्या निर्मनुष्य वाटेवर पुढे काय झालं असतं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. हा चमत्कार होता का? तपासायला बसलं तर सगळ्याला कारणं सापडतात. बाई गवताला आली होती, भाकरीबरोबर गूळ होता, नवऱ्याच्या आजाराने ती शहाणी झाली होती. ही कारणं मी कितीदा तरी जुळवून पाहिली आणि त्यांत कुठेही खोट नाही. पण माझ्यावर संशय तिलाही होता, तोही माझ्या संशयापेक्षा किती तरी सकारण होता, आणि तरी ती बांध उतरली, इथे येऊन माझी तपासणी थांबते. मनातला संशय पुरता संपला की मगच देवाला शरण जाता येतं, अशी माझी समजूत होती. तो संपत नव्हता, म्हणून मी इतकी वर्षं दाराबाहेर उभा होतो. संशयासकट उतरता येतं, हे मला त्या माउलीने दाखवलं. तिचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडणार?

अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी मी त्या वाटेने जातो. मावशी दिसल्या तर त्यांच्या मालकांच्या तब्येतीची चौकशी होते. पुढे वाघजाईपाशी थांबतो, बूट काढतो. संशय काही बुटांसारखा काढून बाजूला ठेवता येत नाही. तो घेऊनच हात जोडतो, आणि देवीला तो चालत असावा.