दिवे मालवणारा मेव्हणा

लोक फोटोग्राफरला बोलावतात ते तो उजेड घेऊन येईल म्हणून. होता नव्हता तो उजेडही घालवून टाकणारा फोटोग्राफर शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून एकच झाला, आणि तो माझ्या वाट्याला मेव्हणा म्हणून आला. वयानं आम्ही एकाच वर्षाचे. तोंडावर मी त्याला दादा म्हणतो, कारण माझी बायको म्हणायची. मनातल्या मनात मात्र अरे-तुरेच करतो. नाचणाऱ्या माणसावर फ्लॅश मारायचा नाही, हे त्याचं आयुष्यभराचं व्रत. बसलेल्या माणसाबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. मुरबाडला एसटी स्टँडजवळ त्याचा पत्र्याचा स्टुडिओ होता, तिथे पासपोर्ट साइज फोटोसाठी तो दोन-दोन दिवे लावी. "पासपोर्टला बसलेला माणूस अर्धा मेलेलाच असतोय, भावजी. त्याला कसलाबी उजेड चालतो," असं तो गिऱ्हाइकाच्या देखत सांगे. गिऱ्हाईक हसत नसे. हसू नका, असं त्यानंच आधी बजावलेलं असे.

त्याचा खरा हंगाम भाद्रपदातला. किन्हवलीच्या बाजूला त्यांचं गाव आहे, तिथे गौरी बसल्या की दुपारी बायका घराघरात जाऊन फेर धरतात. बाहेर पावसाचं आभाळ, कौलारू घर, मधल्या खोलीला हातभर खिडकी आणि गौरीपुढे एक समई. आता प्रत्येक घरात वीज आहे, पण मेव्हणा शिरला की आधी टेबलावर चढून बल्ब काढी आणि खिशात टाकी. फेर संपला की तो दुसऱ्या घराकडे निघे, बल्ब खिशातच. गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गावातली पोरंटोरं त्याच्या दारात रांग लावत आणि हा परातीत बल्ब मांडून "तुझा कंचा, वळख" म्हणून बसलेला असे. अंधाराची डोळ्याला सवय व्हावी म्हणून तो घरात शिरण्याआधी तासभर उजव्या डोळ्यावर रुमाल बांधून फिरे. एकदा तसाच मुरबाडहून एसटीत चढला. कंडक्टरनं एका म्हाताऱ्याला उठवून त्याला जागा दिली. गाव आल्यावर यानं रुमाल सोडला, दोन्ही डोळ्यांनी त्या म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि "बसा आता" म्हणून उतरला. म्हाताऱ्यानं खिडकीतून काय काय म्हटलं ते त्यानं स्वतःच आम्हाला हसत हसत सांगितलं होतं.

फ्लॅशशिवाय त्या उजेडात फोटो काढायचा म्हणजे शटर बराच वेळ उघडं राहतं, आणि तेवढ्या वेळात माणूस हलला की फोटोत नुसता धूर उरतो. त्यावर त्याचा एक सिद्धांत होता. नाचणाऱ्या प्रत्येक बाईच्या पावलाला कुठेतरी एक थारा असतो. पाऊल टेकतं आणि पुढचं उचलायच्या आत सगळं अंग अर्धा श्वास उभं राहतं. कुणाचा थारा चौथ्या पावलाला, कुणाचा वळताना. तो नेमका धरायचा. यासाठी तो दिवसभर नुसता फेर बघत बसे आणि वहीत टिपणं करी. ती वही एकदा वहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, हाती लागली. कमळी, डावा पाय, चौथं पाऊल, मग हळूच उभी. सोनी, वळताना, मान डावीकडे. अशी गावातल्या बावीस बायकांची नोंद वाचून वहिनी चार दिवस माहेरी जाऊन बसल्या. त्यांना आणायला मलाच पाठवलं, मास्तर माणूस म्हणून. मी सगळा सिद्धांत समजावून सांगितला. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "ते सगलं खरं असंल. माझा थारा कंचा लिवलाय तेवढं दाखवा." वहीत त्यांचं नाव नव्हतं. त्यांना घेऊन परत आल्यावर मी मेव्हण्याला ते सांगितलं, तेव्हा तो दोन दिवस घरात भाकऱ्या थापणाऱ्या बायकोकडे बघत बसला आणि तिसऱ्या दिवशी नाव लिहिलं.

लग्नातही त्याचा हाच हट्ट असे. हळदीला बायका नाचायला लागल्या की मांडवातले दिवे बंद करा म्हणायचा. वर्षभरात लग्नाची कामं संपली. आमच्या लग्नाचे फोटोही त्यानंच काढले. हळदीच्या रात्री माझ्या बायकोनं आपल्या मैत्रिणींबरोबर फेर धरला होता आणि मी बाजूला खांबासारखा उभा होतो. अल्बममध्ये मी एकटाच स्पष्ट आलो आहे.

आणि तिच्याबद्दलच सांगायचं आहे मला. मेव्हण्याच्या वहीत त्याच्या बहिणीच्या नावापुढे तीस वर्षं काही लिहिलेलं नव्हतं. दर गौरीला ती शहापूरहून माहेरी जायची आणि हा तिचा थारा शोधत बसायचा. ती फेरात शिरली की थांबतच नसे. पाय टेकायच्या आधी दुसरा उचललेला. "अर्धा श्वास तरी उभी ऱ्हा गो," तो ओरडायचा. "मी उभी ऱ्हायली तर मागची अंगावर येल ना," ती म्हणायची. एरवी तिचा फोटो काढायची सोयच नव्हती. मोबाइल समोर धरला की पदर तोंडाला. आमच्या मुलीच्या मोबाइलमध्ये तिचे चाळीसेक फोटो असतील, सगळ्यांत पदर आहे आणि पदरामागे हसणारे डोळे आहेत. तोंड उघडं असायचं ते फेरात. तिथे तिला कॅमेऱ्याचं भान नसायचं.

गेल्या वैशाखात तिला ताप आला आणि पाचव्या दिवशी ती गेली. त्याबद्दल मला याहून जास्त लिहिता येत नाही.

भिंतीवर लावायला फोटो हवा होता. आधार कार्डावरचा होता, त्यात ती कोणीतरी दरडावल्यासारखी दिसते. शहापूरच्या एका पोरानं तो कॉम्प्युटरवर मोठा करून दिला. स्वतःच्या मनानं तिला पैठणी नेसवली, गळ्यात ठुशी घातली आणि गाल गोरे केले. मुलीनं तो पाहिला आणि उलटा करून कपाटावर ठेवला. "बाबा, मामाकडे असेल की," ती म्हणाली. मलाही तीच आशा होती. नवव्या दिवशी मेव्हणा बिस्किटांचे पाच पत्र्याचे डबे घेऊन आला. आम्ही तिघांनी जमिनीवर फोटो मांडले. तीस वर्षांच्या गौरी. गावातली एकेक बाई समईच्या उजेडात लख्ख उभी, कपाळावरचा घाम दिसावा अशी. आणि त्यांच्या मधून दर वर्षी एक धुराचा पट्टा गेलेला. तो बोट ठेवून सांगत होता, "ही. ही. ही बी तीच." शेवटचा डबा रिकामा झाला तरी चेहरा निघाला नाही.

मी आयुष्यात कुणाला वाकडं बोललो नाही. त्या दिवशी बोललो. "दादा, तीस वर्षांत एकदा फ्लॅश मारला असता तर काय बिघडलं असतं?"

तो फोटो गोळा करत होता. वर न बघता म्हणाला, "मारलाय एकदा."

"कधी?"

"तुमच्या लग्नाच्या आदल्या गौरीला. नवा आणला व्हता. लख्ख उजेड पडला नि बायका थबकल्या, फेर तुटला. तुटलेला फेर चांगला नसतोय, भावजी. त्या घरच्या म्हातारीनं समद्यांना दाराभाईर काढलं, पाणी शिपडलं, पयल्यापासून धरायला लावला. मला तीन वरसं आत घेतला नाय."

"तो फोटो?"

"आल्ता."

"ती आली होती त्यात?"

"आल्ती. नाकडोळे समदे." तो डब्याचं झाकण दाबून बसवत होता. "जाळला मी तो, निगेटिवसकट. घाबरलेली बाई व्हती त्यात. आपली नव्हती."

मी त्याला म्हणालो, आता घरी जा. मुलगी मला धरून होती. तो पाचही डबे एकावर एक ठेवून निघाला. दारात वरचा डबा पडला, तो त्यानं उचलला आणि गेला. तेराव्याला आला, पंगतीत जेवला आणि गेला. भिंत तशीच राहिली. पुढचे तीन महिने मला एक भलतीच भीती लागून राहिली. तिचा चेहरा आठवायला जावं तर आधार कार्डावरचा यायचा. त्याला बाजूला सारावं तर पैठणीतला यायचा. तेहतीस वर्षं समोर पाहिलेला चेहरा येत नसे. जाळलेल्या फोटोसाठी मी रोज मेव्हण्याला दोष देत असे. माणूस इतकं वाचूनही किती लहान होऊ शकतो ते मला तेव्हा कळलं.

भाद्रपदात आमच्याकडे आणि त्याच्याकडेही यंदा गौर नव्हती. गौरी बसल्या त्या सकाळी तो दारात उभा. कॅमेरा नव्हता. इतक्या वर्षांत गौरीच्या दिवशी मी त्याला बिनकॅमेऱ्याचा पाहिला नव्हता. "चपला घाला," म्हणाला. "टोकावड्याला जाऊन येऊ."

मुरबाडला गाडी बदलून आम्ही टोकावड्याला उतरलो. रस्त्यापासून आत, भाताच्या बांधावरून चालत एका घराशी गेलो. मथुराचं घर. मथुरा माझ्या बायकोची लहानपणापासूनची मैत्रीण. ती दोन वर्षांपूर्वी वारली. तिचा नवरा ओटीवर जाळं विणत होता. त्यानं पाणी दिलं, माझ्या बायकोचं ऐकून वाईट वाटलं म्हणाला. आत भिंतीवर मथुराचा फोटो होता, हार घातलेला. मेव्हण्यानंच काढलेला, फेरातला. मथुरा एक पाऊल टेकून अगदी निवांत उभी होती, पापणीचा केसन्‌केस दिसत होता. तिच्या बाजूला धूर.

"मी ह्यो मथुराचा म्हणून ठेवलेला," मेव्हणा हळू आवाजात म्हणाला. "मथुरा गेली तवा मोठा करून दिला. त्या दिशी तुमच्याकडनं गेलो नि समद्या निगेटिवा भिंगाखाली घातल्या, एकेक. त्यात गावला."

त्यानं मथुराच्या कमरेकडे बोट केलं. तिथे हाराची झेंडूची फुलं आली होती. मला काही दिसेना. मथुराच्या नवऱ्यानं पुढे होऊन हार जरा बाजूला सरकवला.

फेरात बायका एकमेकींच्या कमरेत हात घालतात. मथुरा थांबली त्या अर्ध्या श्वासापुरता, तिच्या कमरेवरचा हातही थांबला होता. दंडापासून मागे सगळा धूर, पण हात लख्ख होता. दोन हिरव्या बांगड्या. विळ्यानं कापून वाकडी झालेली करंगळी. बोटं लुगड्यात घट्ट रुतलेली.

मागून मेव्हणा म्हणाला, "हात तेवढा कापून मोठा करून देऊ? येल चांगला."

मी नको म्हणालो. तो हात मथुराला धरून होता; नुसता कापून आणला असता तर आमच्या भिंतीवर तो कशाला धरणार होता?

परत येताना गाडीत त्यानं वही काढली आणि बहिणीच्या नावापुढे काहीतरी लिहिलं. मी वाचलं नाही. त्याच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरतो आहे, ऑपरेशनला तो तयार नाही. मी दर महिन्याला एकदा टोकावड्याला जातो. मथुराचा नवरा आता मला काही विचारत नाही. मी चपला काढेपर्यंत तो आत जातो, हार थोडा बाजूला करतो, आणि मग पाणी आणायला वळतो.