बापाची संमती

थंड उत्तरेकडच्या हूसाविक गावातल्या पोहण्याच्या तलावावर राखण करण्यात स्टेनवोरची हयात गेली. साबण लावून अंघोळ केल्याशिवाय ती कुणाला पाण्यात उतरू देत नसे. एकदा कोरड्या अंगाने आलेल्या मंत्र्यालाही तिने न्हाणीत परत पिटाळलं होतं. तेव्हा नियमांशी तिचं काही वाकडं नव्हतं.

तिचा नवरा केटिल दूर दक्षिणेच्या एका देशात मासेमारीच्या जहाजावर होता. तिथे डोक्यात कप्पी बसून तो बेशुद्ध पडला. ‘लगेच निघा,’ असा डॉक्टरांचा निरोप आला. लहानग्या बिर्नाला घेऊन स्टेनवोर विमानतळावर पोचली. काउंटरवर गावचीच हिल्डिगुनूर होती, तिच्याच तलावात पोहायला शिकलेली. दोन्ही पासपोर्ट पाहून तिचा चेहरा उतरला.

“पासपोर्टावर तू एगिलची लेक, ही केटिलची लेक. आडनावं जुळत नाहीत. त्या देशाला जन्मदाखला लागतो, शिवाय बापाचं संमतिपत्र.”

“आपल्यात आडनाव असतं कुणाला? जो तो आपल्या बापाचं नाव लावतो. तुझं तुझ्या आईशी जुळतं का गं?”

“नाही.”

“आणि बिर्ना माझी, हे तुला ठाऊक नाही?”

“ठाऊक आहे गं. एवढं पोट घेऊन तलावाच्या काठावर ओरडत फिरायचीस आमच्यावर. पण तिथले लोक तिला आल्या पावली परत पाठवतील.”

“दाखला हा घे. संमती कुठून आणू? तो शुद्धीवर असता तर मी निघाले असते का?”

हिल्डिगुनूरने वरिष्ठांना फोन लावला, त्यांनी त्यांच्या वरिष्ठांना. सगळ्यांना फार वाईट वाटलं. वाईट वाटायला कुणाचं काय जातं? पोरं पळवणाऱ्यांना रोखायला हा नियम केला म्हणे. पळवणारा खोटं पत्र खिशात घालूनच येतो. अडकते ती सख्खी आई. आणि बाप मरायला टेकलाय म्हणून निघालेल्या पोरीला, आधी बापाला विचारून ये, असं सांगायला यांची जीभ कशी रेटते?

बिर्नाला मावशीकडे सोपवून स्टेनवोर एकटी गेली. शनिवारी केटिलला घटकाभर शुद्ध आली.

“बिर्ना कुठाय?”

“आणते. आधी सही कर.”

तिने त्याच्या हातात पेन दिलं. बोटं वळेनात, तेव्हा हात धरून धरून सही करवून घेतली. तेवढ्यात त्याचे डोळे मिटले. पत्रावर शिक्का मारणाऱ्या कचेरीचं दार सोमवारी उघडणार होतं. केटिल रविवारीच गेला.

अजून कुणी विषय काढला की ती तडकते. “त्याच्याशी बोलायची घटका होती, ती मी यांच्या कागदापायी घालवली,” म्हणते. “सही मात्र छान आली.”