कुजबुजणारा प्राणिमित्र

लहान मुलांना टीव्हीवर वाघ-सिंह समजावून सांगणारा तो माणूस दुष्काळात आमच्या छावणीवर शूटिंगला आला होता. पाटोद्याजवळ दूध संघाने चारा छावणी काढली होती आणि मी तिथे कारकून होतो. त्याच्या अंगात चौदा खिशांचं जाकीट, आणि बोलणं सगळं कुजबुजत. जंगलात जनावर बुजतं म्हणून लागलेली सवय. घरी बायकोशीही असाच बोलत असेल का, कोण जाणे. दाव्याला बांधलेल्या म्हशीसमोर गुडघ्यावर बसूनही तो कुजबुजला, "मुलांनो, आवाज करू नका."

"बांधलेली हाय ती, साहेब. कुटं जातीय?" छावणीतली एक मावशी म्हणाली.

मग त्याला दावंच नको झालं. "जरा नैसर्गिक दिसू द्या ना," म्हणत त्याने मावशीला तिचा बैल सोडायला लावला. पाण्याचा टँकर दोन दिवस आला नव्हता. बैल सरळ निघाला तो याच्या तोंड धुवायला भरून ठेवलेल्या बादलीकडे. वाघाच्या गोष्टी सांगणारा हा गडी एका उडीत जीपच्या बॉनेटवर चढला आणि तिथूनही कुजबुजला, "घाबरायचं नाही, मुलांनो."

महिन्याभराने संघाच्या ऑफिसातल्या टीव्हीवर आम्ही तो कार्यक्रम पाहिला. "हा चवताळलेला रानटी बैल," तो सांगत होता, "आणि समोर मी एकटा."

मावशी पडद्याजवळ सरकली.

"नाकात वेसण दिसतीय की," ती म्हणाली. "पाणी मागितलं की रानटी व्हय?"