सगळीकडे सात

जव्हारच्या बसस्टँडमागे एका संस्थेची पाणी तपासायची प्रयोगशाळा आहे, दोन खोल्यांची. जामसरची करिष्मा भोये तिथे चार वर्षं नोकरीला होती. विहिरींचं, हातपंपांचं पाणी बाटल्यांतून यायचं. त्यात आम्ल किती आहे ते ती पीएच मीटरवर बघायची (आकडा सातच्या आसपास तर पाणी ठीक, जितका खाली तितकं आम्ल जास्त), पाड्याच्या नावाचा कागद भरायची आणि खाली सही करायची. करिष्माताईंनी सही केली म्हणजे पाणी बरं, असं लोक म्हणायचे. तिलाही ते आवडायचं.

मार्चमध्ये मीटरचा इलेक्ट्रोड तिच्या हातून निसटला आणि टोकाचा काचेचा फुगा फुटला. तिने नाशिकच्या दुकानाला फोन लावला. "पीएच मीटरचा इलेक्ट्रोड पाठवा," एवढंच सांगितलं. चार दिवसांनी पार्सल आलं. कांडी तशीच, लांबी तेवढीच. पण वायरच्या टोकाची पिन वेगळी. मीटरमध्ये काही केल्या बसेना. परत पाठवायचा तर आठवडा जाणार, आणि टेबलावर तीस बाटल्या थांबलेल्या.

शेजारच्या गल्लीत मोबाइल दुरुस्त करणारा गोकुळ होता. "वायर ती वायर, ताई," म्हणत त्याने जुन्या वायरची पिन कापून नव्या वायरला जोडली, वर सुबक टेप गुंडाळली. पिन बसली, मीटर चालू झाला. मीटर तपासायला ठरलेल्या आकड्याची दोन द्रावणं लागतात, चारचं आणि सातचं. चारची बाटली संपली होती. सातच्या द्रावणात मीटरने बरोबर सात दाखवलं. करिष्माचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर दोन महिने पाणी छानच येत होतं. सात. सात पूर्णांक एक. पुन्हा सात. आपल्या डोंगरातलं पाणीच चांगलं, असं तिला वाटायचं.

मे महिन्यात सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरून रंगू आली. जीपने, उन्हातान्हातून, एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात करिष्माच्या सहीचा कागद.

"ताई, यात तू पानी बेस हाय असं लिवलंस ना?"

"हो मावशी. सात आलंय."

"मंग दातांना कसं लागतं? पोरं पीत नाय. भांडं लाल होतं."

करिष्माने तिच्यासमोरच ते पाणी पुन्हा तपासलं. सात. रंगू नुसती बघत राहिली. त्या बघण्यानेच करिष्मा अस्वस्थ झाली. तिने डब्यातली लिंबाची फोड काढली, पेल्यात पिळली आणि इलेक्ट्रोड त्यात बुडवला.

सात.

तिने इलेक्ट्रोड धुतला, पुसला, पुन्हा बुडवला. सातच. ती स्टुलावर बसली. लिंबाचा रस आणि सात! कपाटातल्या फायलीत त्रेचाळीस पाड्यांचे कागद होते, प्रत्येकावर तिची सही.

तिने नाशिकच्या दुकानदाराला फोन केला. त्याने सॉकेटचा फोटो मागवला. पिन ढकलून फिरवायची की आट्यांची, वायर कांडीलाच जोडलेली की वेगळी, असं एकेक विचारत गेला. मग म्हणाला, "आत्ता कसा चालवताय?"

"वायर कापून जोडलीय."

"मॅडम, ही वायर साधी नसते. आतल्या तारेच्या आवरणावर काळा थर असतो, त्यातूनही वीज जाते. तो बाहेरच्या जाळीला आणि आतल्या तारेला एकदम चिकटला, की मीटरला पाण्यातलं काहीच कळत नाही. आणि काही कळलं नाही, की तो सात दाखवतो."

तिने फोन ठेवला. दोन महिने मीटरला काहीच कळत नव्हतं आणि ती सह्या करत होती. तिने प्रयोगशाळेच्या साहेबांना, तुळशीदाससरांना, सगळं सांगितलं. सरांनीही इलेक्ट्रोड लिंबाच्या पेल्यात बुडवून स्वतः बघितलं. "सगळे कागद परत मागव," ते एवढंच म्हणाले.

योग्य पिनेचा इलेक्ट्रोड आला, अखंड वायरचा. चारचं द्रावणही आलं. करिष्मा त्रेचाळीस ठिकाणी पुन्हा फिरली, काही जीपने, काही पायी. बहुतेक पाणी खरंच ठीक निघालं. तीन ठिकाणचं आम्ल निघालं. रंगूच्या पाड्यावर पाच पूर्णांक सहा.

हा आकडा सांगायला ती तिथल्या हातपंपाशी पोचली तेव्हा मेकॅनिकने पंपाचा लोखंडी पाइप वर ओढून काढला होता. बायका भोवती जमल्या होत्या. "मावशी, चूक माझी," ती रंगूला म्हणाली. "पोरं नको म्हनायची, तरी तुझा कागद बघून मी दोन महिने हेच पाजलं त्यांना," रंगू म्हणाली. तिचा आवाज चढला नाही.

करिष्माने पाइपला बोट लावलं. आम्ल पाण्याने खाल्लेल्या लोखंडाचा पापुद्रा सुटला आणि बोट आरपार गेलं.