तव्यामागची काजळी

"मॅडम, तो काजळीचा किस्सा सांगा ना!" असं तुम्ही म्हणता. अहो, कुठला सांगू? धुळ्याच्या आमच्या कॉलेजात इंग्रजी विभाग दरवर्षी गॅदरिंगला जुनं इंग्रजी नाटक करायचा आणि दरवर्षी हमखास फजिती व्हायची. ऐंशीच्या दशकातले हे किस्से फळीवरच्या डब्यांसारखे रचून ठेवलेत. एक काढायला जावं तर चार अंगावर येतात!

*

नाटक बसवणारे चौधरीसर, मूळचे इकडचेच, घरी अहिराणी बोलणारे. त्यांना शेकडो वर्षांपूर्वीचीच नाटकं आवडायची. त्यात एखादा काळा परदेशी असायचाच, कधी सेनापती, कधी गुलाम. मेकअप माझ्याकडे, कारण विभागात मी एकटीच बाई! मी घरच्या तव्यामागची काजळी खरवडली, खोबरेलात कालवली आणि किशोरला फासली. किशोर म्हणजे कापडवाल्या शेठजींचा मुलगा, गोरापान.

प्रेमाच्या प्रसंगात त्यानं नायिकेला मिठी मारली आणि तिच्या पांढऱ्या झग्यावर, पाठीवर, दोन काळेकुट्ट हात उमटले! बिचारी पुढचा अख्खा अंक प्रेक्षकांकडे तोंड करून उभी. विंगेत गेली तीसुद्धा उलटी चालत!

*

पुढच्या वर्षी ऐन मेकअपच्या वेळी शेठजी धावत आत आले. "ताई, मुलीकडचे तिसऱ्या रांगेत बसलेत! थोडा तरी गोरा ठेवा ना!"

करता काय? मी दोन्ही कान गोरे ठेवले.

*

प्रॉम्प्टिंगला जगन पावरा. शिरपूरकडचा, सातपुड्यातल्या पाड्यावरचा आदिवासी मुलगा. रंगानं काळा कुळकुळीत आणि आवाज असा, की खिडक्या थरथराव्यात. सर कौतुकानं म्हणायचे, "त्याले बठ्ठं नाटक पाठ शे!" अख्खं नाटक, बरं का!

एकदा किशोर वाक्य विसरला. जगननं ते विंगेतून अशा काही झोकात म्हटलं की टाळ्या विंगेला पडल्या!

*

एका तालमीत जगननं विचारलं, "सर, या नाटकांत काळा माणूस शेवटपर्यंत जगत का नाही?"

"ट्रॅजेडी आहे ना रे!"

"पण त्याला फसवणारा गोरा तर जगतो."

सरांनी त्या दिवशी तालीम लवकर सोडली.

*

जगनला एकदा तरी स्टेजवर उभं राहायचं होतं. बस, एवढंच. शेवटचं वर्ष होतं त्याचं. सर मनानं चांगले, पण लोकांना भारी घाबरायचे. म्हणाले, "भाऊ, तुला काळ्याचा रोल दिला तर लोक म्हणतील, काळा आहे म्हणून दिला. राजाचा दिला तर म्हणतील, राजा काळा कसा?"

जगन म्हणाला, "म्हणजे मी फक्त विंगेतल्या अंधारात चालतो, सर."

मला तर मान वर करवेना. काजळी माझ्याच हातची होती ना!

*

त्याच वर्षी जळगावला आंतरकॉलेज स्पर्धा होती. आणि नेमका त्याच दिवशी आमच्या काळ्या सेनापतीचा, किशोरचा साखरपुडा! त्या तिसऱ्या रांगेत बसलेल्यांच्याच मुलीशी. सरांनी डोक्याला हात लावला आणि म्हणाले, "जगन, उभा राहा."

सवयीनं मी काजळीची डबी उघडली. जगन हसला. "मॅडम, आज राहू द्या ती."

त्याची आई पाड्यावरून पहाटेची एसटी धरून आली होती. तिला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नाटकात पोरगा मेला तेव्हा ती पदर तोंडात धरून रडली. तिच्याबरोबर आम्हीही रडलो, खोटं कशाला सांगू!

बक्षीस समारंभात परीक्षक म्हणाले, "धुळ्याच्या सेनापतीचा रंग इतका खरा, की घामानंसुद्धा ओघळला नाही! उत्कृष्ट रंगभूषेचं बक्षीस त्यांना!"

बक्षीस घ्यायला जायचं मी, आणि मी आपली पर्समध्ये चष्मा शोधू लागले. चौधरीसर छताचे पंखे बघत बसले. जगन मात्र उठला, स्टेजवर गेला, कप घेतला आणि माईकसमोर उभा राहिला.

"मेकअप माझ्या आईनं केलाय," तो म्हणाला. "ती काय, तिसऱ्या रांगेत बसलीय."