साठे भाऊजींकडचे दोन लाल सिलेंडर

इथे आखातात, आमच्या बिन महमूद वस्तीतल्या बिल्डिंगीच्या गोष्टी दाराबाहेरच्या चपलांसारख्या आहेत. आवरल्या तरी संध्याकाळपर्यंत परत ढीग.

बंब येईपर्यंतची पहिली पाच मिनिटं आपली, म्हणून इथल्या पुरुषांनी आग-पथक काढलं. घरटी महिन्याला वीस रियाल. खजिनदार दुसऱ्या मजल्यावरचे साठे भाऊजी. मी पाचव्या मजल्यावर, कडेवर आठ महिन्यांचं बाळ. लिफ्ट बंद पडली तर खाली कशी जाऊ, हेच डोक्यात. म्हणून माझं लक्ष त्या पैशावर.

*

पहिल्या पैशातून आली पिवळी जॅकेटं. पाठीवर प्रत्येकाचं नाव.

मी विचारलं, "नाव कशाला, भाऊजी?"

"आगीत ओळखायला नको?"

"आग काय नावाने हाक मारणार आहे?"

आमचे हे खाली बघून हसले. यांच्याही पाठीवर नाव होतंच.

*

मग सराव झाला. शुक्रवारी, बिर्याणीच्या हॉटेलात. पैसे पथकाचे.

"हा खर्च कशात धरला?"

"तातडीच्या," भाऊजी म्हणाले. "सगळ्यांना भूक लागली होती."

*

शेवटी आग विझवायचे दोन लाल सिलेंडर आले. पण जिन्यात दिसेनात. "बाहेर ठेवले तर कुणी उचलून नेईल," म्हणून दोन्ही भाऊजींच्या घरात.

हळदीकुंकवाला गेले तर एक बेडरूमच्या दाराला टेकवलेला. साठेवहिनी म्हणाल्या, "एसीच्या वाऱ्याने दार आपटतं गं."

त्या चहा टाकायला वळल्या तसा मी उचलून बघितला. घरचा गॅस बदलून बदलून वजन हाताला कळतं. भरलेला वाटला. दुसरा आतल्या खोलीच्या दाराला असणार.

*

परवा सकाळी कढईतल्या तेलाने पेट घेतला. हे ऑफिसला. मी गॅस बंद केला, कढईवर परात पालथी घातली, बाळाला घेऊन जिन्याने दुसऱ्या मजल्यावर आले. भाऊजींच्या घराला कुलूप, म्हणून त्यांना फोन लावला.

"घाबरू नका वहिनी, लुसैलच्या ऑफिसातून निघालो. यल्ला, चला, मेट्रोतच बसतोय."

तासाभराने आले. अंगात जॅकेट, हातात घरातून घेतलेला सिलेंडर, सील तसंच.

"कुठे आहे आग?"

"हळू बोला, बाळ आत्ताच झोपलंय."

त्यांनी गार झालेली कढई बघितली, सिलेंडर बघितला. "बरं झालं. परत भरायचा खर्च वाचला."

मी परात धुऊन, पुसून त्यांच्या हातात दिली.

"ही जिन्यात ठेवा, भाऊजी. कुणी उचलून नेली तरी चालेल."