आरशावरचा कागद

वटार गावच्या एका वाडीत राजेळी केळीच्या चार रांगा अजून उभ्या आहेत आणि त्यांच्या सावलीला प्रिस्का आहे. वय बासष्ट, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. पण तो फटकळपणा सगळा स्वतःसाठी. दूध उतू गेलं की "येडी प्रिस्का". चष्मा सापडेना की "डोकं कुठं ठेवलंस, म्हातारे?" नवरा रुडॉल्फ ओट्यावरून ओरडायचा, "अगं, माझ्या बायकोला किती बोलशील?" गेल्या वर्षी पावसाळ्यात रुडॉल्फ गेला. त्यानंतर तिला अडवणारं घरात कुणी उरलं नाही.

मुलगा फ्लॉईड विरारला फ्लॅटमध्ये राहतो. तो म्हणाला, "आय, एकटी नको राहू. चल आमच्याकडं."

"औंदा सुकेळी करून बघते," ती म्हणाली. "जमली तर इथंच राहीन. नाय जमली तर येते तुझ्या डब्यात राहायला."

राजेळी केळं पिकवून, सोलून सात-आठ दिवस उन्हात वाळवायचं, मधाच्या रंगाला येईस्तोवर, की झाली सुकेळी. हे काम जन्मभर रुडॉल्फचं. ती नुसती सोलून द्यायची आणि शेवटी वाळल्या पानात बांधायची.

सून रोवेना शाळेत शिकवते. मनानं चांगली. तिनं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो प्रिस्काच्या आरशावर चिकटवला. 'मला सगळं जमतं. आज सगळं चांगलं होणार. वाईट विचार आला की तिथंच थांबवायचा.'

"मम्मी, रोज सकाळी मोठ्यानं म्हणायचं."

"आरशातली म्हातारी हसंल ना गं मला."

"हसू दे. तुम्हीपण हसा."

प्रिस्का म्हणू लागली. आधी लाजत, मग सवयीनं. आणि खरं सांगायचं तर दिवस बरे गेले. तिनं दोनशे केळी सोलली, अंगणातल्या चटयांवर मांडली. संध्याकाळी टोपल्यांत भरून घरात घेतली, सकाळी पुन्हा मांडली. दोन आठवडे तिनं स्वतःला येडी म्हटलं नाही.

वाळवणाचा पाचवा दिवस म्हणजे नोव्हेंबरची दोन तारीख, मृतांचा दिवस. दुपारी चारला कबरस्तानात प्रार्थना. ती फुलं, मेणबत्त्या घेऊन अंगणात आली आणि थबकली. वारा पडला होता. केळीची पानं गप्प. मनात कुणीतरी म्हणालं, पाऊस येईल, आधी केळी आत घे. रुडॉल्फ असता तर त्यानं घेतली असती. पण हा वाईट विचार, आणि वाईट विचार थांबवायचा. ती मोठ्यानं म्हणाली, "आज सगळं चांगलं होणार," आणि निघून गेली.

फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत होते तेव्हा वरूनही थेंब आले. लोक हसत छत्र्या शोधू लागले. रुडॉल्फच्या कबरीवरच्या चारही मेणबत्त्या विझल्या. प्रिस्का तिथंच उभी राहिली. धावून उपयोग नव्हता. घर वीस मिनिटांवर होतं.

दुसऱ्या दिवशी केळ्यांना काळे डाग पडले, मग आंबूस वास सुटला. एकशेवीस तिनं केळीच्या बुंध्याशी पुरली. खड्डा खणताना ती कागदावरचं काही म्हणाली नाही आणि येडीही म्हणाली नाही. ही शांतता त्या शिव्यांपेक्षा वाईट होती.

उरलेली ऐंशी घेऊन ती चटईशी बसली. एकेक केळं अंगठ्यानं दाबून उलटायचं. तसं करताना तिला रुडॉल्फचा आवाज आठवला. कच्च्या केळ्याला त्यानं कधी छान म्हटलं नाही, की कधी शिवी दिली नाही. दाबून बघायचा आणि जे असेल ते मायेनं सांगायचा. "अजून दोन दिवस हां, बाबा."

रविवारी फ्लॉईड आला. हातात रिकामी बॅग.

"जमली नाय," तिनं आपणहून सांगितलं. "पानी लागलं. मला कळलं होतं, तरी मी ठेवून गेले."

"जाऊ दे, आय. कपडे भर."

"भरते. बोलले ते बोलले. पण ही ऐंशी राहिलीत."

फ्लॉईडनं चटईकडं पाहिलं, मग बापाच्या रिकाम्या ओट्याकडं. बॅग दाराशी ठेवून तो खाली बसला आणि त्यानं एक केळं उचलून चुकीच्या बाजूनं उलटलं.

"बापाचा हात नाय तुला, आडदांड," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

तो गाडीत बसून गेला, बॅग मात्र दाराशीच राहिली. केळी वाळली की, दोन दिवसांनी, तो तिला न्यायला परत येणार होता. प्रिस्का आत गेली. आरशावरचा कागद तिनं काढला, फाडला नाही, घडी करून बायबलमध्ये ठेवला. आरशातल्या बाईचे डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. तिला छान म्हणणं खोटं झालं असतं. प्रिस्कानं अंगठा स्वतःच्याच गालावर हलकेच दाबला.

"अजून दोन दिवस हां, प्रिस्का," ती म्हणाली आणि सांज व्हायच्या आत केळी उचलायला बाहेर गेली.